गेम लूप: किती झोपायचं यापेक्षा कधी उठायचं

प्रश्न थोडक्यात असा. सी प्लस प्लस आणि एसडीएल २ (खेळासाठी खिडकी, चित्र, बटणं सांभाळणारी लायब्ररी) मध्ये केलेला एक साधा प्लॅटफॉर्मर खेळ आहे. खेळाचा लूप, म्हणजे बटणं वाचणं, पात्र हलवणं आणि चित्र काढणं ही सतत चालणारी फेरी, मोकळा सोडला की लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो. लूपच्या शेवटी १६ मिलिसेकंदांचा डिले टाकला की सीपीयू शांत होतो, पण पात्र अडखळत चालतं. व्हीसिंक (नवं चित्र पडद्याच्या ठोक्यालाच देणारी सोय) लावलं तर घरी सगळं छान, मात्र मित्राच्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तेच पात्र जवळजवळ अडीचपट वेगाने पळतं. तर मग स्मूद खेळ आणि थंड सीपीयू यांतलं एकच काहीतरी घ्यायचं का?

दोन्ही मिळतं. त्यासाठी तुम्ही एकाच लूपच्या गळ्यात बांधलेली तीन कामं आधी सुटी करावी लागतील: खेळाचं घड्याळ पुढे नेणं, चित्र पडद्यापर्यंत पोचवणं, आणि उरलेला वेळ काढणं. तुमच्या तिन्ही तक्रारी या गुंत्यातूनच आल्या आहेत.

आधी पंख्याचं बघू. टास्क मॅनेजरमध्ये तुम्हाला १२-१३ टक्के दिसत असतील आणि ‘एवढ्याशाने पंखा का ओरडतोय’ असं वाटत असेल. आठ लॉजिकल कोअरच्या मशीनवर एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा एक धागा, अखंड धावला की आकडा १२.५ वर जाऊन थांबतो. म्हणजे एक कोअर शंभर टक्के भरलेला आहे, आणि वर प्रोसेसरने त्या कोअरचा क्लॉकही, म्हणजे कामाचा वेगही, चढवून ठेवलेला आहे. क्लॉक वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत जाते. त्यामुळे एका कोअरची निरर्थक धावपळ वाटते त्यापेक्षा बरीच महाग पडते. बदल्यात काय मिळतं? पडदा सेकंदाला ६० चित्रं उचलतो. तुम्ही हजारभर तयार करता. बाकीची कोणी बघत नाही.

आता डिलेचं. हे जरा सावकाश बघण्यासारखं आहे, कारण ‘डिले टाकला तर अडखळतं’ याचं कारण बहुतेक जण ‘फ्रेम (म्हणजे चित्रं) कमी पडल्या’ असं देतात आणि तिथेच वाट चुकतात.

तुमच्या एका फ्रेमचं काम ५ मिलिसेकंदांचं धरू. त्यानंतर १६ चा डिले. डिले सहसा ठरल्या वेळेच्या थोडा पुढेच संपतो. अर्धा मिलिसेकंद जादा धरा. म्हणजे एक फेरी २१.५ मिलिसेकंदांची. ६० हर्ट्झचा पडदा नवं चित्र दर १६.६७ मिलिसेकंदांनी उचलतो. तुमची चित्रं ०, २१.५, ४३, ६४.५, ८६, १०७.५ ला तयार होतात. पडदा ती ०, ३३.३, ५०, ६६.७, १००, ११६.७ ला दाखवतो. कोणतं चित्र पडद्याचे किती ठोके टिकलं ते मोजा: दोन, एक, एक, दोन, एक, एक. पात्र मात्र प्रत्येक चित्रात सारख्याच अंतराने पुढे सरकलंय. अंतर सारखं आणि वेळ लहानमोठी, म्हणून डोळ्याला ते दर तिसऱ्या पावलाला ठेच लागल्यासारखं दिसतं. सरासरी सेकंदाला ४६ फ्रेम पडतात, आणि ४६ हा आकडा तसा वाईट नाही. सरळ ३० फ्रेम, प्रत्येक बरोबर दोन ठोके, हे त्यापेक्षा डोळ्याला कितीतरी सुखाचं. विलंबित चालतं, द्रुतही चालतं. मात्रा लहानमोठ्या पडायला लागल्या की ज्याला गाण्यातलं काही कळत नाही तोही चुळबुळतो.

इथे बहुतेक जण पहिली दुरुस्ती करतात ती म्हणजे १६ मधून काम वजा करून तेवढाच डिले देणं. बरोबर दिशा आहे, पण त्यात दोन खाचा आहेत. पहिली म्हणजे १६ म्हणजे १६.६७ नव्हे. १६ मिलिसेकंदांची फेरी सेकंदाला ६२.५ चित्रं देते आणि पडदा ६० घेतो. जादा अडीच चित्रं दर सेकंदाला वाया जातात, म्हणजे दर ४०० मिलिसेकंदांनी एक बारीकसा झटका. तुम्ही म्हणाल, ‘आता बरंच सुधारलंय, पण कुठेतरी काहीतरी खटकतंय’. खटकतंय ते हेच. दुसरी खाच म्हणजे ‘आतापासून इतका वेळ’ असं मोजलं की प्रत्येक फेरीतली चूक पुढच्या फेरीच्या डोक्यावर बसते. त्याऐवजी पुढच्या फ्रेमचा क्षण आधीच ठरवून ठेवा, त्यात दर फेरीला १६.६७ मिळवत जा, आणि ‘त्या क्षणापर्यंत’ थांबा. एका फेरीला उशीर झाला तर पुढची आपोआप कमी थांबते. फार मागे पडलात, दोन-तीन फ्रेम एवढे, तर मात्र जुना हिशेब सोडून आत्ताच्या क्षणापासून नव्याने मोजायला लागा. नाहीतर थकबाकी फेडायला लूप दहा फ्रेम एकदम फेकतो.

घड्याळ कोणतं घ्यायचं तेही यात आलं. मिलिसेकंदांत पूर्णांक देणारं घड्याळ यासाठी कामाचं नाही. एसडीएलचा परफॉर्मन्स काउंटर वापरा. विंडोजवर त्याच्या मागे क्वेरी परफॉर्मन्स काउंटर असतो, लिनक्सवर मोनोटॉनिक, म्हणजे कधीच मागे न जाणारं घड्याळ. भिंतीवरचं, म्हणजे तारीख-वेळेचं घड्याळ खेळाच्या लूपमध्ये आणू नका. इंटरनेटवरून वेळ दुरुस्त झाली की ते मागेही जातं. आणि सुरुवातीपासूनचे एकूण सेकंद ३२ बिटच्या फ्लोटमध्ये (दशांश संख्यांचा प्रकार) साठवू नका. १६,३८४ सेकंदांनंतर, म्हणजे साधारण साडेचार तासांनी, त्या फ्लोटची सगळ्यात लहान पायरी जवळजवळ २ मिलिसेकंद होते. खेळ रात्रभर चालू ठेवला की सकाळी हालचाल दाणेदार दिसते आणि कुणाला काही कळत नाही. डबल, म्हणजे ६४ बिटचा फ्लोट घ्या किंवा ६४ बिटचा पूर्णांक.

आता मूळ दुखणं: झोप. ऑपरेटिंग सिस्टिम तुम्हाला ‘बरोबर ११ मिलिसेकंदांनी उठवते’ असं वचन देतच नाही. तिचं म्हणणं साधारण असं असतं: तेवढा वेळ गेला की तुझं नाव उठवायच्या यादीत टाकते, पुढे कोअर मोकळा मिळेल तेव्हा. विंडोजवर मुळातला टायमर सेकंदाला ६४ वेळा ठोका देतो, म्हणजे दर १५.६२५ मिलिसेकंदांनी. झोपलेल्या थ्रेडकडे त्या ठोक्यालाच लक्ष जातं. ५ मिलिसेकंद काम करून तुम्ही ११ मागितलेत तर या ठोक्याला उठाल की पुढच्या, हे एखाद्या मिलिसेकंदाच्या फरकावर ठरतं. मग लूप सेकंदाला ६४ आणि ३२ फेऱ्या यांच्यात झोके खातो. विंडोजच्या ‘टाइम बिगिन पीरियड’ या फंक्शनला १ देऊन हा ठोका साधारण मिलिसेकंदावर आणता येतो. एसडीएल २ हे तुमच्या वतीने आधीच करतं, म्हणून तुमची अवस्था इतपत तरी बरी आहे. थेट विंडोजचा स्लीप वापरणाऱ्यांना ते स्वतः करावं लागतं.

यावर माझे दोन दिवस गेलेत, ते सांगतो. खूप वर्षांपूर्वी एक छोटं टूल लिहिलं होतं, त्यात स्लीपवर चालणारा लूप. माझ्या मशीनवर लोण्यासारखं, शेजारच्या टेबलावर धक्के. ड्रायव्हर बदलून पाहिले, केबल बदलली. शेवटी लक्षात आलं की माझ्याकडे ब्राउझर कायम उघडा असतो आणि शेजारच्याकडे नसतो. त्या काळी विंडोजवर कुठल्याही एका प्रोग्रॅमने ठोका बारीक मागितला की तो अख्ख्या मशीनला लागू व्हायचा. माझं टूल ब्राउझरच्या उधारीवर स्मूद चालत होतं. विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या (हे वर्ष नव्हे) आवृत्तीपासून ही मागणी ज्याची त्याला झाली. ती उधारी आता मिळत नाही, आणि बरंच झालं. विंडोज ११ वर तर तुमची खिडकी पूर्ण झाकली गेली किंवा मिनिमाइझ झाली की मागितलेला बारीक ठोका मिळेलच याचीही खात्री नसते.

विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ‘हाय रेझोल्यूशन वेटेबल टायमर’ मिळतो. सगळ्या प्रोसेससाठी ठोका न बदलता तो चांगला अचूक उठवतो. नवीन कोड लिहिणार असाल तर तोच घ्या. लिनक्सवर गोष्ट सोपी आहे: ‘क्लॉक नॅनोस्लीप’ला अमुक क्षणापर्यंत असं सांगता येतं, म्हणजे वर म्हटलं तेच ‘कधी उठायचं’, आणि साध्या थ्रेडसाठी मुळातली ढिलाई फक्त ५० मायक्रोसेकंदांची असते.

तरीही झोपेवर पूर्ण विसंबू नये. पहाटे ५:४० ची गाडी असेल तर आपण गजर ५:४० चा लावत नाही. पाचचा लावतो आणि शेवटची दहा मिनिटं फलाटावर जागे उभे राहतो. लूपनेही तेच करायचं. उरलेल्या वेळातला मोठा भाग झोपायचं, शेवटचा एक-दीड मिलिसेकंद जागं राहून घड्याळाकडे बघत काढायचा. १६.६७ पैकी दीड म्हणजे एका कोअरचे ९ टक्के; तुमच्या आठ लॉजिकल कोअरच्या टास्क मॅनेजरमध्ये ते एक टक्क्याच्या आसपास दिसतील. एवढ्यात पंखा फिरत नाही. किती आधी उठायचं हे ठोकून न ठरवता मोजूनही ठरवता येतं: एक मिलिसेकंदाची झोप मागा, प्रत्यक्षात किती लागली ते नोंदवा, सरासरी आणि चढउतार दोन्ही लक्षात ठेवा, आणि उरलेला वेळ त्या अंदाजापेक्षा जास्त असेल तोवरच पुन्हा झोपा. ज्या मशीनवर झोप नेमकी आहे तिथे जागरण आपोआप कमी होतं. एसडीएल ३ मध्ये ‘डिले प्रिसाइज’ नावाचं तयार फंक्शनच या जातीचं आहे.

जागं राहायच्या त्या शेवटच्या भागात रिकामा लूप न फिरवता आत प्रोसेसरची ‘पॉज’ सूचना टाका. त्याने वीज वाचते आणि त्याच कोअरवरच्या जोडीदार थ्रेडला वाव मिळतो. मात्र ती किती वेळ खाते यावर हिशेब बांधू नका. इंटेलने स्कायलेक पिढीत ती दहाएक सायकलवरून एकदम १४० च्या घरात नेली आणि पॉज मोजून वेळ काढणाऱ्यांचे अंदाज कोसळले. घड्याळ बघा, पॉज मोजू नका. आणि ‘यील्ड’ किंवा शून्य मिलिसेकंदांची झोप देऊन सीपीयू वाचतो हा भ्रम काढून टाका. दुसरं कोणी रांगेत नसेल तर ते दोन्ही तत्काळ परत येतात. टास्क मॅनेजरमध्ये तेच १२.५.

एवढं सगळं सांगून झाल्यावर आता सांगतो की तुमच्या खेळाला यातलं बहुतेक दुय्यम आहे. पुढचं चित्र नेमकं केव्हा हवं हे पडद्याला ठाऊक असतं. आपल्या घड्याळाला नसतं. पडद्याचं ६० हे कधी ५९.९४ असतं, कधी आणखी किंचित वेगळं. कितीही नेमका लिमिटर, म्हणजे फेऱ्यांचा वेग आवरणारा कोड, लिहिलात तरी दोन घड्याळं एकमेकांपासून हळूहळू सरकत जातात आणि अधूनमधून एक चित्र दुप्पट टिकतं किंवा हुकतं. म्हणून थांबायचं काम शक्य तिथे व्हीसिंककडे द्या. चित्र पडद्याला देताना थ्रेड तिथे थांबतो, आणि बहुतेक ठिकाणी ते थांबणं खऱ्या झोपेचं असतं. सीपीयूही उतरतो आणि मात्राही सारख्या पडतात.

मग मित्राच्या मॉनिटरवर पात्र का पळालं? कारण ‘एक फ्रेम म्हणजे एक पाऊल’ असं तुम्ही लिहिलंय. १४४ ला ६० ने भागा, २.४ येतात. पूर्वी हे चालून जायचं, कारण पडदा कोणता हे ठरलेलं असायचं. १९९३ च्या डूममध्ये खेळाचं घड्याळ सेकंदाला ३५ पावलं टाकायचं, कारण जुन्या पीसीवरच्या त्या व्हीजीए मोडचा पडदा ७० हर्ट्झचा आणि ३५ त्याच्या निम्मे. आज पडदा ६० चा असेल, ९० चा, १२० चा, १४४ चा किंवा वेळ बदलणारा, म्हणजे व्हीआरआर. खेळाचं घड्याळ पडद्यापासून सुटं करण्यावाचून गत्यंतर नाही. माइनक्राफ्टमध्ये जग सेकंदाला फक्त २० वेळा पुढे सरकतं, दर ५० मिलिसेकंदांनी, आणि चित्र मात्र तुमचा मॉनिटर पेलेल तेवढ्या वेळा काढलं जातं.

सांगाडा असा:

पाऊल = १ / ६०
शिल्लक = ०
मागची_वेळ = आत्ता()
खेळ चालू असेपर्यंत:
— थांब()
— बटणं_वाच()
— ही_वेळ = आत्ता()
— गेलेला = ही_वेळ − मागची_वेळ
— मागची_वेळ = ही_वेळ
— गेलेला ०.२५ पेक्षा जास्त असेल तर ०.२५ धर
— शिल्लक मध्ये गेलेला मिळव
— शिल्लक पावलाएवढी किंवा जास्त असेपर्यंत:
—— जुनी_स्थिती = नवी_स्थिती
—— नवी_स्थिती = पुढे_सरक(नवी_स्थिती, पाऊल)
—— शिल्लक मधून पाऊल वजा कर
— मिसळ = शिल्लक / पाऊल
— चित्र_काढ(जुनी_स्थिती, नवी_स्थिती, मिसळ)
— पडद्याला_दे()

यातल्या काही ओळींवर बोलायला हवं. घड्याळ फेरीत एकदाच वाचलंय. दोनदा वाचलं की मधल्या दोन-चार मायक्रोसेकंदांचा हिशेब कुठेच लागत नाही आणि खेळ हळूहळू मागे पडतो. ०.२५ ची मर्यादा काढू नका. विंडोजवर कुणी खिडकीची टायटल बार धरून ओढली की सर्वसाधारण लूप तिथेच अडकून राहतो. सोडल्यावर गेलेला वेळ चार सेकंद येतो आणि पात्र भिंतीतून आरपार जातं. चुका शोधायला डीबगरमध्ये खेळ थांबवलात तरी तेच. शिवाय एक पाऊल मोजायलाच पावलापेक्षा जास्त वेळ लागला तर सावकारी व्याजासारखं होतं: या फेरीत दोन पावलं, त्याला आणखी वेळ, म्हणून पुढच्या फेरीत चार. मर्यादा असली की खेळ संथ होतो, पण गोठत नाही.

मिसळ हा भाग पुष्कळ जण गाळतात, कारण खेळ त्याशिवायही ‘चालतो’. १४४ च्या पडद्यावर ६० ची पावलं असली की काही चित्रांत पाऊल पडतं, काहींत पडत नाही. पुन्हा तोच दोन-एक-एक सारखा लंगडा ठेका, फक्त वेगळ्या आकड्यांत. ६० च्या पडद्यावरही, ५९.९४ मुळे, अधूनमधून एका फेरीत दोन पावलं पडतात. मागच्या आणि आताच्या स्थितीमधली जागा मिसळीच्या प्रमाणात काढून तिथे पात्र रंगवलं की हे मिटतं. किंमत एवढीच की डोळ्याला दिसतं ते एका पावलाइतकं शिळं असतं. ती परवडत नसेल तर पाऊल १/१२० करा. तुमच्यासारख्या द्विमितीय खेळाला दुप्पट पावलं सहज पेलतात. पात्र एका जागेवरून दुसरीकडे गायब होऊन उगवत असेल तर त्या फ्रेमला जुनी स्थितीही नवीच धरा, नाहीतर ते पडदाभर घसरत जाताना दिसेल. हे मी दोनदा विसरलोय.

आणि थांबणं लूपच्या सुरुवातीला, बटणं वाचण्याच्या आधी का? बटणं वाचून मग थांबलात तर खेळाडूने दाबलेलं बटण त्या थांबण्यात शिळं होतं. आधी थांबा, मग ताजी बटणं वाचा, लगेच चित्र काढा. फुकटात काही मिलिसेकंद मिळतात. विंडोजच्या डायरेक्टएक्सवर असाल तर आणखी एक जागा बघा: चित्रं पडद्याकडे पोचवणारा त्यातला डीएक्सजीआय हा भाग मुळात तीन फ्रेमपर्यंत रांग लावू देतं, ६० हर्ट्झला म्हणजे ५० मिलिसेकंद. विंडोज ८.१ पासून स्वॅप चेनकडून, म्हणजे चित्रांच्या त्या रांगेकडून, एक वेटेबल (ज्यावर थांबता येतं असं) हँडल मागता येतं आणि रांग एकवर आणता येते. त्या हँडलवरच लूपच्या सुरुवातीला थांबायचं. यात सीपीयूही झोपतो आणि उशीरही कमी होतो.

व्हीसिंकखाली एक विचित्र गोष्ट तुम्हाला दिसेल. पडद्यावर चित्रं बरोबर १६.६७ ला पडताहेत, तरी तुम्ही मोजलेला ‘गेलेला’ कधी १५.१ येतो, कधी १८.३. कारण तुम्ही मोजता तो क्षण तुमच्या थ्रेडला जाग आल्याचा; चित्र पडद्यावर आल्याचा क्षण वेगळा. हे खोटे चढउतार तसेच हालचालीत गेले की पडदा नेमका असूनही पात्र थरथरतं. युनिटी या गेम इंजिनमध्येही गेलेला वेळ सांगणाऱ्या ‘टाइम डेल्टा टाइम’मधली ही थरथर वर्षानुवर्षं होती, २०२०.२ आवृत्तीत त्यावर मोठी दुरुस्ती झाली. आपल्या लूपमध्ये साधा उपाय: मोजलेला वेळ रिफ्रेशच्या, म्हणजे पडद्याच्या एका ठोक्याच्या, एखाद्या पटीच्या अगदी जवळ असेल तर ती पटच धरा, आणि काढून टाकलेला फरक बाजूला जमवून नंतर हळूच परत घाला, म्हणजे घड्याळ भरकटत नाही. व्हीआरआरच्या पडद्यावर मात्र हे करू नका.

फोनवर हे गणित वेगळं वळण घेतं, आणि तुम्ही पुढेमागे अँड्रॉइडवर जाणारच. काही वर्षांपूर्वी आम्ही एक पटावरचा खेळ करत होतो. चित्रं साधी, काम जेमतेम ४ मिलिसेकंदांचं, पुण्यातल्या एसी ऑफिसात सगळ्या फोनांवर ६० ची सरळ रेघ. मे महिन्यात अकोल्याहून तपासणाऱ्या एकाचा निरोप आला: दहा मिनिटांनी सोंगट्या अडकत चालतात. आम्ही त्याच्या फोनला दोष दिला. मग तोच मॉडेल आणून ऑफिसच्या गच्चीवर दुपारी खेळत बसलो, तर आठव्या मिनिटाला फ्रेमच्या वेळा चढायला लागल्या. फोन तापला होता आणि त्याने स्वतःचा क्लॉक उतरवला होता. खेळाडू विचार करत बसलेला, पटावर काहीच हलत नाही, आणि आम्ही सेकंदाला ६० वेळा तोच स्थिर पट रंगवतोय! शांत पटाला १५ फ्रेम, बोट लागताक्षणी ६०, एवढंच केलं. गच्चीवर अर्धा तास खेळलो. रेघ हलली नाही. इथे सीपीयू वाचवणं आणि स्मूद राहणं हे एकच काम होतं. युनिटीमध्ये यासाठी ‘ऑन डिमांड रेंडरिंग’ आहे. स्वतःचं इंजिन असेल तर अँड्रॉइडचा कोरिओग्राफर (पडद्याच्या ठोक्याला हाक देणारा भाग) आणि त्यावरची फ्रेम पेसिंग लायब्ररी वापरा. तिथे स्वतः झोपेचा लूप लिहू नका.

याच्या उलट बाजूचा एक भास सांगून ठेवतो. लूप आवरला की प्रोसेसर ‘काम कमी आहे’ असं बघून क्लॉक उतरवतो, आणि कामाचा वेळ मोजणाऱ्या प्रोफायलरमध्ये ५ चं काम ७-८ मिलिसेकंदांचं दिसायला लागतं. लोक घाबरून लिमिटर काढून टाकतात. काही बिघडलेलं नसतं, १६.६७ च्या आत संपतंय तोवर संथपणे संपणंच स्वस्त. फक्त काठावर, १४-१५ च्या पुढे, असाल तर सावध राहा: एकदा १६.६७ चुकलं की साध्या दोन बफरच्या व्हीसिंकखाली ती फ्रेम थेट ३३.३ ला पडते. तिथे ६० चा हट्ट सोडून खाली स्थिर व्हावं. १२० चा पडदा असेल तर ४० हा फार चांगला मुक्काम आहे: प्रत्येक चित्र तीन ठोके, २५ मिलिसेकंद, म्हणजे १६.६७ आणि ३३.३३ यांच्या बरोबर मध्ये. स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग पीसीच्या एलसीडी मॉडेलवर लोक पडदाच ४० हर्ट्झवर ठेवतात ते यासाठीच.

हे सगळं करताना सेकंदाच्या फ्रेम मोजणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. ५९ फ्रेम १६ मिलिसेकंदांच्या आणि एक ५६ ची, बेरीज बरोबर १०००. आकडा सांगतो ६०, डोळा सांगतो धक्का. प्रत्येक फ्रेमचा वेळ एका ॲरेमध्ये टाका, खेळ संपल्यावर फाइलमध्ये लिहा आणि आलेख काढा. चालू लूपमध्ये फाइल लिहू नका, नाहीतर लिहिण्याचाच धक्का मोजत बसाल.

तुमच्या खेळात मी या क्रमाने हात घालीन. आधी स्थिर पाऊल आणि मिसळ, कारण त्याशिवाय मित्राचा मॉनिटर सुटत नाही. मग व्हीसिंक. मग थांब() मध्ये दोन फांद्या: व्हीसिंक खरंच थांबवत असेल तर काही करू नका, थांबवत नसेल तर झोप आणि जागरणाचा लिमिटर. ही दुसरी फांदी ऐच्छिक समजू नका. खेळाडूने ड्रायव्हरच्या सेटिंगमधून व्हीसिंक सक्तीने बंद केलेलं असू शकतं, आणि खिडकी मिनिमाइझ झाली की कित्येक मशीनवर चित्र देणारं फंक्शन न थांबता ताबडतोब परत येतं. ओळखणं सोपं आहे: सलग काही फेऱ्या रिफ्रेशच्या निम्म्याहून कमी वेळात संपल्या की लिमिटर चालू. खिडकी दिसत नसेल तर चित्र काढूच नका आणि सेकंदाला १० फेऱ्यांवर या. एवढं झालं की खेळ चालू करा, मिनिमाइझ करा आणि टास्क मॅनेजर उघडा. तिथे पुन्हा १२.५ दिसले, तर दुसरी फांदी अजून जोडलेली नाही.